सहावा रकाना

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला आत्मचरित्र लिहिण्याचा वेगळा खटाटोप करावा लागत नाही. ते त्याने आधीच, तुकड्यातुकड्यांनी, सरकारी अर्जांच्या रकान्यांत लिहून ठेवलेले असते. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. आमच्यासारख्या परमुलुखी मराठी नोकरदाराची लेखणी या शेवटच्या रकान्यापाशी क्षणभर अडल्यावाचून राहत नाही. कायमचा पत्ता म्हणून ज्या गावाचे नाव आपण घालतो तेथला वाडा पडून वीस वर्षे झालेली असतात, आणि जेथे आपण खरोखर राहतो तेथे आपण कायमचे नसतो. मुलांच्या शाळेत 'मातृभाषा मराठी' असे लिहिले आणि कारकुनाने आपल्या सोयीसाठी 'हिंदी' करून टाकले, तर आपला केवढा संताप होतो! आम्ही एकदा त्या कारणाने शाळेत जाऊन भांडलो होतो.

आमच्या कार्यालयाच्या छापील अर्जात सहावा रकाना 'लिंग' या शीर्षकाचा होता. तेथे मात्र आम्ही कधीच थांबलो नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या रकान्यात किती वेळा खूण केली असेल त्याची गणती नाही, आणि त्यापाशी कोणी तासन् तास लेखणी हातात धरून बसत असेल अशी शंकाही आली नाही.

गोष्ट २०१६ सालची. आम्ही तेव्हा हैदराबादेस एका केंद्रीय कार्यालयात प्रशासन शाखा सांभाळत होतो. संगणकावर नोंदी करण्यासाठी काही कंत्राटी माणसे घ्यायची होती. जाहिरात झाली, चाचणी झाली, गुणानुक्रमे यादी लागली. त्या यादीत तिसऱ्या आलेल्या उमेदवाराचा अर्ज साहाय्यकाने चिठ्ठी लावून आमच्यापुढे ठेवला. अर्जावर नाव स्त्रीचे, छायाचित्र स्त्रीचे. जोडलेल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव मुलाचे. सहाव्या रकान्यात छापलेले दोन्ही शब्द शाईने खोडून बाजूला, जागा अपुरी पडल्यामुळे बारीक अक्षरात, तिसराच शब्द लिहिलेला. साहाय्यकाची टिपणी चोख होती : नाव व लिंग प्रमाणपत्राशी जुळत नाही, आदेशार्थ सादर. आम्ही तिच्याखाली शेरा मारला : 'त्रुटीपूर्तीसाठी मूळ कागद परत. पुढील उमेदवारास बोलवावे.' सही केली, तारीख घातली. या सगळ्याला अर्धे मिनिट लागले असेल.

येथे एक कबुली द्यायला हवी. त्या वेळी आम्ही अज्ञानात होतो असे म्हणण्याची सोय नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि शिक्षणात व सरकारी नोकरीत अशा व्यक्तींना राखीव जागा द्याव्यात. तो निकाल आम्ही सकाळच्या चहाबरोबर वाचला होता आणि 'चांगले झाले' असे म्हणालोही होतो. त्या खटल्यात सामील झालेल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे २०१२ साली निघालेले पुस्तक आमच्या घरच्या कपाटात होते. सौभाग्यवतींनी ते वाचून आम्हांला वाचायला लावले होते. म्हणजे सहानुभूतीची काही वाण नव्हती. पण सहानुभूती घरच्या कपाटात राहिली आणि शेरा कार्यालयातल्या लेखणीने लिहिला. या दोहोंची गाठ घालून द्यावी असे परिपत्रक आमच्या टेबलावर आलेले नव्हते, आणि परिपत्रकावाचून आम्हांला काही सुचत नसे.

दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतःच आल्या. त्यांचे नाव येथे देत नाही; ते नाव कागदावर आणायला त्यांना किती वर्षे लागली हे आता ठाऊक असल्यामुळे ते आमच्या लेखणीने उगाच वापरावेसे वाटत नाही. साधी सुती साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, तीत कागद. शांतपणे म्हणाल्या, "साब, त्रुटी पुरी करनेकू क्या क्या लाना, लिखके देते क्या?" आम्ही सांगितले की नाव बदलल्याचे राजपत्र आणा. राजपत्राला पत्त्याचा दाखला लागतो, पत्त्याला भाडेचिठ्ठी लागते, आणि "हमकू घर किरायेपे कोई नै देता, साब." मग त्यांची नजर टेबलावरच्या आमच्या नावाच्या पाटीवर गेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "साहेब, तुम्ही तिकडचेच का? मी देगलूरकडची."

परमुलुखात अवचित आपल्या गावाकडची मराठी कानी पडली की आपले काय होते हे या पृष्ठाच्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी आम्हांला तसे काही झाले नाही. शेजारच्या टेबलावर दोघेजण कान टवकारून होते. ही बाई 'आमच्याकडची' आहे हे त्यांना कळले, या विचाराने आम्हांला घाम फुटला. त्यांच्या मराठी प्रश्नाला आम्ही इंग्रजीत उत्तर दिले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, कागद पिशवीत घातले आणि गेल्या.

२०१९ मध्ये आम्ही सेवानिवृत्त झालो. गावी परतण्याचा बेत कायमच्या पत्त्यासारखाच कागदावर राहिला, आणि काचीगुड्याच्या बाजूला, जुन्या मराठी वस्तीच्या आधाराने, आम्ही हैदराबादेतच राहिलो. दोन वर्षांनी, एका रविवारी, घराजवळच्या एका दिवाणखान्यात काही मंडळी टेबले मांडून बसलेली दिसली. बाहेर हाताने लिहिलेली पाटी : ओळखपत्रांच्या कामी मदत. निवृत्त माणसाला अर्ज, पाटी आणि रांग या तीन गोष्टींचे आकर्षण सुटत नाही. आम्ही आत डोकावलो, आणि समोरच्या टेबलावर त्याच बाई बसलेल्या!

त्यांनी आपल्याला ओळखू नये अशी आमची फार इच्छा होती. त्यांनी तत्काळ ओळखले. "या काका, बसा," त्या मराठीत म्हणाल्या, "तुमचीच गरज होती." 'साहेब'चा 'काका' झाला ही पदावनती की बढती ते आम्हांला ठरवता येईना. पुढे म्हणाल्या, "तुम्हांला त्रुटी काढायची सवय आहे. इथून अर्ज जायच्या आधीच त्या काढून द्या. म्हणजे तिथं कुणाला काढायला उरायच्या नाहीत."

तेव्हापासून आमचे बहुतेक रविवार त्या टेबलावर गेले. चळवळ म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे मोर्चे, घोषणा, व्यासपीठ आणि हार येतात. तसे मोर्चेही या मंडळींनी काढले आहेत. आपल्यातल्या कोणाचा खून झाला की पोलीस ठाण्यासमोर जाऊन बसण्याची पाळीही त्यांच्यावर आली आहे. पण आम्ही पाहिली ती चळवळ दोन बाके, एक उसना संगणक आणि कागद गिळणारे एक छपाईयंत्र एवढ्यावर चाललेली होती. १०-१२ जण, कोणी दिवसभर सिग्नलवर हात पसरून आलेले, कोणी बधाईच्या ढोलकीसकट आलेले, एक-दोघे महाविद्यालयात शिकणारे. २०१९ चा कायदा आणि सप्टेंबर २०२० चे नियम यांप्रमाणे अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावरून, कसलीही शारीरिक तपासणी न करता, जिल्हाधिकाऱ्याने ३० दिवसांत ओळखीचे प्रमाणपत्र द्यायचे होते. वाचायला किती सुटसुटीत! प्रत्यक्षात आधार कार्डावरचे नाव एक, बँकेतले दुसरे, शाळेतले तिसरे. दोघांची कागदपत्रे गुरूच्या पेटीत आणि गुरू रुसलेली. एकीने घर सोडले तेव्हा वय चौदा, तेव्हा शाळेचा दाखला वडिलांकडे, आणि वडील म्हणतात आम्हांला असे मूलच नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने या लोकांसाठी प्रत्येकी १५०० रुपयांचा निर्वाहभत्ता जाहीर केला होता. तो बँकेच्या खात्यात पडायचा. खात्याला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला पत्ता हवा. पत्ता कोण देणार? हे चक्र कोणी दुष्टाव्याने घडवलेले नसते. आमच्यासारखी नेमस्त माणसे अर्ध्या मिनिटाचा एकेक शेरा मारून ते फिरते ठेवतात, एवढेच.

आमचे काम म्हणजे प्रत्येक अर्ज हातात घेऊन पूर्वीच्या खुर्चीत बसल्याची कल्पना करायची आणि विचारायचे : हा कसा परत पाठवता येईल? या कामात आम्ही चांगलेच निष्णात निघालो, हे सांगताना अभिमान वाटावा की लाज, हा प्रश्नच आहे. अमुक ठिकाणी सहीत आद्याक्षर आले आहे, सुटेल. तमुक ठिकाणी तारखेचा महिना शब्दांत नाही, अडकेल. बाई शेजारी बसून वहीत टिपून घेत.

एके दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक गुरू आल्या. सोबतच्या चेल्यांनी त्यांना जवळजवळ ओढतच आणले होते. त्यांनी अर्जाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "हमारे गुरू के गुरू बोलते थे, कोई नाम लिखने आया तो समझो पकड़ने आया." आम्ही त्यांना समजावू लागलो की आता तसे काही नाही. बाईंनी आमच्या हातावर हात ठेवून आम्हांला गप्प केले.

म्हातारीचे म्हणणे हा भ्रम नव्हता, हे पुढे वाचन केल्यावर कळले. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला त्याचा दुसरा भाग हिजड्यांसंबंधी होता : त्यांची नावे रजिस्टरात नोंदवायची, त्यांच्या मालमत्तेची यादी करायची. निजामाच्या राज्याने १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच नमुन्याचा आपला कायदा केला. फसली सन म्हटला की आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना जमिनीचे जुने कागद आठवतात. आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते आणि त्यांच्या हातचे फसली सनाचे उतारे अजून घरी आहेत. कायद्यात लिहिले होते की नोंद झालेली व्यक्ती रस्त्यात किंवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी स्त्रीवेषात, दागिने घालून, किंवा नाचता-गाताना आढळली तर तिला वॉरंटावाचून धरावे, आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी.

आम्हांला थक्क करून गेली ती या कायद्याची चिवटाई. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली. १९५० मध्ये राज्यघटना आली. १९५६ मध्ये आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले. प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांनी कायद्यांच्या याद्या केल्या, मथळ्यांतली राज्यांची नावे बदलली, आणि १३२९ फसलीचा हा कायदा प्रत्येक यादीतून सहीसलामत पार झाला. आपल्यापैकी कोणी ना कोणी त्या यादीवर 'तपासले' असे लिहून सही केली असेल. वैजयंती वसंत मोगली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले, आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शंभराहून अधिक वर्षे! याच निर्णयात शिक्षण व नोकरीतील राखीव जागांसंबंधी आणि आसरा निवृत्तिवेतन योजनेत या लोकांना घेण्यासंबंधीही शासनाला निर्देश दिले गेले.

ही बातमी आली त्या रविवारी दिवाणखान्यात मिठाई वाटली. आम्ही, जुन्या सवयीने, दोन कायदे शेजारी ठेवून वाचत बसलो आणि एका आकड्यापाशी थबकलो. निजामाच्या कायद्यात साडी नेसून रस्त्यावर दिसण्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत. २०१९ च्या कायद्यात अशा व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्याला शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. स्त्रीवरील बलात्काराला २०१८ पासून किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. आम्ही हे बाईंना दाखवले. त्यांना ते पाठ होते. "काका, आम्ही हे २०१९ लाच ओरडून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले की आधीच्या मसुद्यांत तर अर्जदाराची छाननी करणारी जिल्हा समिती होती, भीक मागायला लावणे हा गुन्हा होता. रस्त्यावर उतरून, खासदारांना पत्रे लिहून त्या दोन गोष्टी तेवढ्या काढून घेता आल्या.

त्या म्हाताऱ्या गुरूंचा प्रश्न मात्र राहिलाच. पुन्हा एकदा आल्या तेव्हा त्या आम्हांलाच म्हणाल्या, "पहले पकड़नेकू लिखते थे, अब देनेकू लिखते. लिखनेवाले तो वहीच हैं ना?" मी कोण हे मीच सांगायचे, असे न्यायालय म्हणाले, आणि ते सांगितल्यावर खरे कधी होते, तर जिल्हाधिकाऱ्याची सही पडते तेव्हा. बत्तीस वर्षे सह्या केलेल्या माणसाला यावर उत्तर सुचले नाही. बाईंनी त्यांना आग्रह केला नाही. त्यांचा कोरा अर्ज अजून फाईलीत आहे.

एकदा बाई आमच्या घरी आल्या. सौभाग्यवतींनी कपाटातून पाहुण्यांचे कप काढले, पण काढण्यापूर्वी त्यांचा हात किंचित थांबला, हे आम्ही पाहिले आणि बाईंनीही पाहिले असावे. त्यांनी ते मनावर घेतल्याचे दाखवले नाही. गप्पांत आमच्या बोलण्याची थट्टा निघाली, की हे घरातसुद्धा स्वतःला 'आम्ही' म्हणतात; कचेरीची भाषा अंगात मुरलेली. बाई हसल्या नाहीत. "लहानपणी मीबी आम्हीच म्हणायची," त्या म्हणाल्या. "मी आलो म्हणायला जीभ वळायची नाही. मी आले म्हटलं की बापाचा मार. मग आम्ही आलो, आम्ही जेवलो. त्यात कुणाला काय कळत नाही. शाळेत पोरं म्हणायची, बघा, राजे आले." सौभाग्यवती उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने ताटलीत धपाटे आणि दही घेऊन आल्या. त्यानंतर संक्रांतीला त्यांनी बाईंना हळदीकुंकवाला बोलावले. शेजारच्या दोघीजणी त्या वर्षी आल्या नाहीत. एकीने पुढच्या वर्षी यायला सुरुवात केली. दुसरीचे अजून काही कळत नाही.

बदल होत नाहीत असे नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांना परीक्षांच्या अर्जांत वेगळा रकाना ठेवण्यास कळवले. आमच्या टेबलावर जे परिपत्रक आले नाही म्हणून आम्ही स्वस्थ बसलो होतो, ते असे आम्ही निवृत्त झाल्यावर निघाले. २०२१ मध्ये कर्नाटकाने नोकऱ्यांत एक टक्का जागा राखल्या, तीही 'संगमा' संस्थेने न्यायालयात धाव घेतल्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये येथल्या उस्मानिया रुग्णालयात दोन तृतीयपंथी डॉक्टर रुजू झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ३९ जणांना वाहतूक साहाय्यक म्हणून घेतले. ज्या चौकांत काचेवर टकटक होत असे तेथे गणवेषातला हात वर झाला की गाड्या थांबू लागल्या, आणि आमची गाडी पांढऱ्या पट्ट्यापुढे गेली म्हणून एकीने आम्हांला सर्वांसमक्ष मागे घ्यायला लावली. देशभरच्या गरजेपुढे हे आकडे केवढे? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या सदरात ४,८७,८०३ माणसे मोजली गेली, आणि मोजणीदार दारात उभा असताना घरातल्या कर्त्याने आपल्या मुलाविषयी 'इतर' असे सांगितले असेल तेव्हाच ती मोजली गेली.

आता जे सांगायचे ते लांबणीवर टाकत येथवर आलो. इतक्या रविवारांत आम्ही बाईंजवळ २०१६ च्या त्या शेऱ्याचा विषय एकदाही काढला नाही. त्यांनीही नाही. ती फाईल जतनाची मुदत संपून केव्हाच नष्ट झाली असणार, असा हिशेब आम्ही मनाशी करून ठेवला होता.

यंदा काही नवी मुले मदतीला आली. त्यांना शिकवण्यासाठी बाईंनी परत आलेल्या अर्जांच्या छायाप्रती काढल्या होत्या, नावांवर पांढरी पट्टी चिकटवून. एकेक प्रत हातोहात फिरत होती : हा पत्त्यावरून परत, हा छायाचित्रावरून परत. एक प्रत आमच्या हातात आली. सहाव्या रकान्यातले दोन शब्द खोडलेले, बाजूला बारीक अक्षरात तिसरा. खाली शेरा. नावावर पट्टी होती तशी सहीवरही होती. पण स्वतःचे अक्षर ओळखायला सही लागत नाही. मूळ कागद आम्हीच परत केला होता, तेव्हा तो त्यांच्याजवळ असणारच, हे इतक्या वर्षांत आमच्या कसे लक्षात आले नव्हते?

"हा शेरा कशासाठी मारला असेल, कुणी सांगेल का?" बाईंनी मुलांना विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकजण म्हणाला, नियम असेल. बाई काही बोलल्या नाहीत, आमच्याकडे पाहिलेही नाही; त्या पुढची प्रत शोधू लागल्या.

आम्ही उठलो, आणि तो कागद हातात धरून, मुलांच्या पुढे जाऊन उभे राहिलो.